मान्ना रोजच्या रोज



मे महिना सरला. लग्ने आटोपली, पाहुणे आपापल्या गावी गेले, पहिल्या पावसाने अंगणातला मांडव ओला केला. शाळेत जाणाऱ्या मुलांचे एक बरे असते. तिकडे घंटा वाजते आणि वर्ष सुरू होते. घरात घंटा नसते, फार तर कुकरची शिट्टी असते. त्यामुळे घरचा विस्कटलेला अभ्यास, संध्याकाळची जपमाळ, मुलांबरोबर बसून शिकण्याची वेळ, हे सगळे पुन्हा रुळावर आणायचे म्हणजे आईबापांच्या जिवावर येते.

आपल्या धर्मग्रामात मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणारी दोनतीन कुटुंबे आहेत. त्यांपैकी एक आई परवा मिस्सानंतर भेटली. तिच्या परवानगीने लिहितो. सासूबाईंचे आजारपण, पाठोपाठ दिराचे लग्न, यांत एप्रिलपासून वही उघडलेली नव्हती. राहिलेले सगळे भरून काढायचे म्हणून तिने नवे वेळापत्रक करून भिंतीवर लावले: सकाळी सातपासून रात्री आठपर्यंत. "फादर, तिसऱ्या दिवशी मुलगा रडला आणि चौथ्या दिवशी मी," ती म्हणाली. "आमच्याने हे होणार नाही. माझेच चुकले असेल."

तिचे हे शेवटचे वाक्य मला टोचले. निर्गमाच्या पुस्तकात दोन वेळापत्रके आहेत, ती तिच्यासमोर ठेवली. आज तुमच्याही समोर ठेवतो.

पहिले वेळापत्रक फारोचे. पाचव्या अध्यायात तो हुकूम काढतो की, इस्राएल लोकांना यापुढे विटांसाठी पेंढा मिळणार नाही. तो त्यांनीच शोधून आणायचा, पण विटांची संख्या मात्र एकानेही कमी होता कामा नये. माणूस थकला आहे का, घरात कोणी आजारी आहे का, याची तिथे नोंद नाही. राहिलेल्या विटा उद्याच्या विटांवर चढतात.

दुसरे वेळापत्रक सोळाव्या अध्यायात आहे आणि ते परमेश्वराचे आहे. गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या, रानात भुकेल्या झालेल्या त्याच लोकांना तो मान्ना देतो. ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा. ज्याने जास्त वेचला त्याला उरला नाही, ज्याने कमी वेचला त्याला कमी पडला नाही. उद्यासाठी साठवून ठेवला तर त्यात किडे पडत. सहाव्या दिवशी दुप्पट मिळे, सातव्या दिवशी सुट्टी. आणि काल कोणी कमी वेचला, त्याने आज भरपाई करावी, असा नियम त्या अध्यायात कुठेही नाही. मागची बाकी वसूल करणे ही फारोची रीत.

मात्र या अध्यायातली एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. मान्ना सकाळीच वेचावा लागे. ऊन चढले की तो वितळून जाई. तेव्हा कृपा म्हणजे "जमेल तेव्हा करू" असे नव्हे. तंबूतून उठून बाहेर जावेच लागत होते.

घरच्या शाळेचे एक खरे उदाहरण आपल्या वेदीजवळच उभे आहे. बाळयेशूच्या संत तेरेजाची प्रतिमा आपण रोज पाहतो. १८७७ च्या ऑगस्टमध्ये तिची आई सेली वारली, तेव्हा तेरेजा साडेचार वर्षांची होती. नोव्हेंबरमध्ये बापाने पाचही मुलींना घेऊन लिसिओ गावी बिऱ्हाड हलवले. आई गेलेली, गाव नवे, घर नवे. अशा स्थितीत सोळा वर्षांच्या पोलीनने धाकटीचे धडे सुरू केले. सकाळी धडे असत. ते संपले की तेरेजा माडीवर बापाकडे जाऊन आपले गुण सांगे. दुपारी त्याचे बोट धरून फिरायला जाई, आणि ती दोघे वाटेत एखाद्या चर्चमध्ये पवित्र साक्रामेंताची भेट घेत. व्याकरणातल्या पुल्लिंग-स्त्रीलिंगाने तिच्या डोळ्यांत पाणी येई, हे तिनेच पुढे लिहून ठेवले. (आपल्याकडे तर तिसरेही लिंग आहे!) साडेआठ वर्षांची झाल्यावर ती धर्मभगिनींच्या शाळेत गेली, पण १८८६ मध्ये प्रकृतीमुळे शाळा सुटली आणि पुन्हा खासगी शिकवणी सुरू झाली. असा खंडित अभ्यास झालेल्या या मुलीला १९९७ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून घोषित केले. तिचे आईबाप २०१५ साली संत झाले.

त्या घरातल्या बापाकडे पुरुषमंडळींनी जरा पाहावे. शिकवत होती पोलीन, पण गुण ऐकायला बाप होता. विरार लोकलमधून रात्री नऊला घरी येणाऱ्या माणसाला मी मुलांचे गणित घ्यायला सांगत नाही. आज काय शिकलास, एवढे विचारून उत्तर संपेपर्यंत मोबाईल खाली ठेवणे त्याला जमण्यासारखे आहे. आईबाप हेच मुलांचे पहिले शिक्षक, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये सांगितले, तेव्हा तिने फक्त आईचे नाव घेतले नव्हते.

त्या भगिनीला मी म्हटले, भिंतीवरचा तो कागद काढून टाका. संत थॉमस अक्वायनस सांगतात की, अंगी बाणलेला गुण वापर थांबला की मंद होतो. म्हणजे तो आतून पुन्हा चेतवावा लागतो, नव्याने आणावा लागत नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात मुलाला जे आधीच येते तेच द्या. सकाळी एक तास, ठरलेल्या वेळी. बेरीज येते ना, बेरीज करू दे. आजीची औषधे कोणत्या वेळी द्यायची ते त्याला वाचून सांगू दे, तेही वाचनच. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक विषय. वीज गेली, पाणी शिरले, तर त्या दिवशी बायबलमधली एक गोष्ट तोंडी सांगा आणि वही उद्या उघडा. संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी केलेल्या नियमातही काम आणि वाचनाच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. मठ चालतो, तर चाळीतले घर का चालू नये?

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरांनाही हेच लागू आहे. मे महिन्यात जपमाळ सुटली असेल तर सोमवारपासून पाचही रहस्ये आणि वर लितानी असा संकल्प करू नका, गुरुवारपर्यंत तो मोडेल. एक रहस्य म्हणा, पण जेवणाआधी, सगळ्यांनी मिळून. पेंगणाऱ्या लहानग्याला हलवून जागे करू नका. तो आईच्या मांडीवर "नमो मरिया" ऐकत झोपला तरी चालेल.

आणि तेरेजाच्या बापाची ती दुपारची भेट आपल्यालाही जमेल. आपले चर्च दुपारी चार ते सहा उघडे असते, त्या वेळी आत सहसा कोणी नसते. धडे झाले की मुलांना घेऊन या. छत्र्या पडवीत ठेवा, लादी निसरडी होते.

आपला,
प्रमुख धर्मगुरू