नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ ह्या दोन क्रियांमध्ये एका मात्रेचे अंतर आहे. पहिली क्रिया पाळण्यापाशी होते व तिचा मान आत्याबाईकडे असतो; दुसरी पारावर होते व तिला मानकरी लागत नाही, सारा गाव ती हौसेने पार पाडतो. दोहोंत एक गोष्ट मात्र समान आहे. ज्याचे नाव ठेवले जाते त्याला कोणी विचारीत नाही. आपले नाव आपणच ठेवावे ही तिसरी क्रिया आमच्या समाजाला अजून पचलेली नाही. आणि ते नाव आपल्या पुरुषपणाविषयी, बाईपणाविषयी, किंवा ह्या दोहोंत न बसणाऱ्या एखाद्या अवस्थेविषयी असेल, अथवा आपले मन कोणाकडे ओढ घेते ह्याविषयी असेल, तर पचणे दूरच राहिले, ते घशाखालीही उतरत नाही. ह्या तिसऱ्या क्रियेचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

विचारासाठी आम्ही मुद्दाम नांदेड आणि लातूर हे दोन जिल्हे डोळ्यांपुढे ठेवितो. हा विषय नेहमी मुंबई-पुण्याच्या उदाहरणांनी मांडला जातो, आणि त्यामुळे तो मोठ्या शहरांचा शौक आहे असा समज होऊन बसला आहे. लातूर हे शिकवण्यांचे शहर. दहावी होताच अहमदपूर, निलंगा, मुखेड, कंधार, देगलूर अशा ठिकाणची मुले वळकटी घेऊन तेथे येतात आणि जन्मात प्रथमच घराबाहेर, अनोळखी सोबत्यांबरोबर एका खोलीत राहतात. वय सोळा-सतरा. मनुष्यास स्वतःविषयी जे कळावयाचे ते ह्याच सुमारास कळू लागते, आणि कळू लागताच त्याला शब्द हवासा वाटतो.

त्या तरुणाजवळ शब्दांच्या दोन पुरचुंड्या असतात. एक गावाहून बांधून आणलेली. तीत ‘बायल्या’, ‘छक्का’, ‘हिजडा’ एवढाच ऐवज, आणि तिन्ही शब्द शिव्या म्हणून वापरून वापरून गुळगुळीत झालेले. मुलीच्या पुरचुंडीत तेवढेही नसते. फार तर ‘अगदी गडी आहे हो’ हे एक वाक्य, आणि ते तर पुष्कळदा कौतुकानेच म्हटले जाते. दुसरी पुरचुंडी हातातल्या फोनमधून मिळते: गे, लेस्बियन, बायसेक्शुअल, ट्रान्सजेंडर, नॉन-बायनरी, असेक्शुअल, क्वीअर. ह्या शब्दांना आमच्याकडे अजून शिवीचा डाग लागलेला नाही. परंतु ते आईसमोर उच्चारावेत तर तिला कळत नाहीत. ह्या दोहोंमध्ये पूल असावा म्हणून जाणत्यांनी ‘समलिंगी’, ‘उभयलिंगी’, ‘पारलिंगी’, ‘अलैंगिक’ असे संस्कृत वळणाचे शब्द योजिले, हे बरेच झाले. तथापि ‘उभयलिंगी’ हा शब्द ज्याने प्रथम शाळेच्या पुस्तकात गांडुळाच्या वर्णनात वाचला, त्याने तो स्वतःस लावून घेताना जरासे अडखळावे, ह्यात त्याचा काय दोष?

आमच्या जुन्या शब्दांत विचार करण्याजोगा एक शब्द आहे, तो ‘तृतीयपंथी’. कामसूत्रात ‘तृतीया प्रकृति’ आली आहे. तेथे भर स्वभावावर आहे. मराठीने प्रकृती न म्हणता पंथ म्हटले. आता पंथ म्हणजे काय, हे महानुभाव आणि वारकरी ह्यांच्या प्रदेशात कोणास सांगावयास नको. पंथात मनुष्य जन्मत नाही, तो त्यात जातो. तेथे गुरू असतो, गुरुबंधू असतात, आचार असतो, बोलण्याची रीत असते. हिजड्यांच्या घराण्यांत हे सारे आहे: गुरू आहे, चेला आहे, घराण्याचे नाव आहे. म्हणजे हा शब्द देहाची तपासणी करीत नाही आणि मनाचीही करीत नाही. ‘हा मनुष्य कोणत्या वाटेने चालला आहे’ एवढेच तो सांगतो. तुळजापूरच्या वाटेवर दिसणारा, साडी नेसलेला, गळ्यात कवड्यांची माळ घातलेला आराधी ह्याच जातीच्या शब्दाने ओळखला जातो. लोक त्याला आराधी म्हणतात व हात जोडतात. त्याच्या अंतरंगाची चौकशी करीत नाहीत.

आमच्यापैकी काहींना ह्या जुन्या उदारपणाचा फार अभिमान वाटतो. शिखंडी आणि बृहन्नडा ह्यांची नावे घेऊन ते पाश्चात्यांना खिजवीत असतात. आम्हांस तो अभिमान पुरता पटत नाही. आराध्याला मिळणारा मान देवीच्या दारापुरता असतो. तोच मनुष्य दुसऱ्या दिवशी भाड्याने खोली मागावयास गेला म्हणजे मान कोठे राहतो ते त्यालाच ठाऊक. शिवाय पंथाच्या शब्दाला पंथाबाहेरचा मनुष्य कळत नाही. घर सोडले नाही, गुरू केला नाही, बँकेत नोकरी करून आईबापांस सांभाळतो, परंतु अंतर्यामी स्वतःस स्त्री म्हणून जाणतो, अशा माणसाला ‘तृतीयपंथी’ म्हणणे म्हणजे जो कधी पंढरीस गेला नाही त्याच्या गळ्यात माळ घालून त्याला वारकरी म्हणण्यासारखे आहे.

हे झाले समाजाने ठेवलेल्या नावांविषयी. सरकार नाव ठेवू लागले म्हणजे काय होते, ह्याचा दाखला ज्या संस्थानात नांदेड जिल्हा व लातूर तालुका होता त्या हैदराबाद संस्थानाच्याच दप्तरात आहे. फसली १३२९ मध्ये, म्हणजे इसवी सन १९१९ च्या सुमारास, निजाम सरकारने नपुंसकांविषयी एक कायदा केला. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती व नपुंसक ह्यांच्या नोंदणीचा जो कायदा केला होता, त्याच्याच धर्तीवर हा होता. हैदराबाद शहरात, व सरकार ज्या ज्या ठिकाणी कायदा लागू करील त्या ठिकाणी, मुले पळविण्याचा अथवा ‘अनैसर्गिक’ कृत्यांचा संशय असलेल्या नपुंसकांची नावे व राहण्याचे ठिकाण एका वहीत लिहावयाचे. वहीत नाव असलेला मनुष्य बायकी वेषात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसला, किंवा नाचगाणे करताना आढळला, तर त्याला वॉरंटावाचून पकडता येई व दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. नपुंसक कोण? तर जो पुरुष तसे स्वतः कबूल करील तो, अथवा वैद्यकीय तपासणीत जो तसा स्पष्ट दिसेल तो.

ही व्याख्या वाचकांनी पुन्हा एकदा वाचावी. तीत ‘कबूल करणे’ हा शब्द आहे. स्वतःचे नाव स्वतः सांगण्याची सोय ह्या कायद्यातही होती; मात्र ते सांगणे कबुलीजबाबासारखे होते. मराठवाडा १९४८ साली निजामी राजवटीतून सुटला आणि १९५६ साली हैदराबाद राज्यापासून वेगळा झाला. तो कायदा पलीकडे तेलंगणात कागदोपत्री तसाच राहिला, व तेथील उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविण्यास २०२३ चा जुलै उजाडला.

मध्यंतरी १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उलट दिशेचा निर्णय दिला होता. पुरुष, स्त्री की तृतीय लिंग, हे ज्याचे त्याने ठरवावे, असे त्या निर्णयाचे सार. २०१९ च्या कायद्याने हा हक्क शब्दांत मान्य केला, आणि लगेच जिल्हाधिकाऱ्याकडून प्रमाणपत्र घेण्याची वाटही घालून दिली. म्हणजे नाव तुमचे, शिक्का आमचा. बीड जिल्ह्यातील एका पोलीस शिपायाने २०१७ साली शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. नोकरीच्या कागदावर ‘महिला’ असे लिहिलेले होते आणि खात्याला पुढचा रकाना सापडेना. पुढे परवानगी मिळाली, २०१८ साली शस्त्रक्रिया झाली आणि तो शिपाई पुरुष म्हणून कामावर रुजू झाला.

परंतु ह्या सर्वांत आम्हांस विचार करावयास लावणारे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीचे आहे. तेथे एका तृतीयपंथी उमेदवाराने स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेचा अर्ज भरला. तो नाकारला गेला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आले. नांदेड आणि लातूरही ह्याच खंडपीठाच्या कक्षेत येतात. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने अर्ज ग्राह्य धरला आणि पुढे त्या बाई निवडून आल्या. निर्णय उदार होता ह्यात शंका नाही. मात्र त्यात एक गाठ मारलेली आहे: आता स्त्री हे नाव घेतले आहे, तर पुढे संधी साधण्यासाठी पुरुष म्हणून हक्क सांगता येणार नाही.

ही अट आम्हांस समजते. राखीव जागेचा गैरवापर होऊ नये, हे न्यायालयाने पाहिलेच पाहिजे. निवडणुकीच्या अर्जापुरती ती योग्यच म्हणावी लागेल. आमची तक्रार निराळी आहे. न्यायालयाने राखीव जागेसाठी घातलेली अट आपला समाज जेवणाच्या पंगतीतही घालतो. ‘एकदा काय ते ठरव, मग आम्ही मानू,’ असे म्हणणाऱ्या सज्जन आईबापांना वाटते की आपण फार मोठी सवलत दिली. सतरा वर्षांच्या मुलाने गे हा शब्द घेतला, विसाव्या वर्षी त्याला दुसरा शब्द अधिक नेमका वाटला, की लगेच ‘बघा, थेर होते सगळे’ असा निकाल लागतो. ज्या समाजात मुलगा विज्ञान सोडून कला शाखेत गेला तर दोन वर्षांत सर्व विसरतात, त्याने ह्या एका बाबतीत भीष्मप्रतिज्ञेची अपेक्षा का करावी?

येथे दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते, ती सोडविली पाहिजे. मी कोण, हा एक प्रश्न. माझे मन कोणावर बसते, हा दुसरा. पुरुषावर प्रेम करणारा पुरुष पुरुषच असतो. त्याला स्त्री व्हावयाचे नसते. मराठी शिव्या हा भेद जाणत नाहीत, आणि म्हणूनच कित्येक तरुण आपल्याला लागू नसलेल्या नावाच्या भीतीने आपले खरे नावही टाळतात. ह्या दुसऱ्या प्रश्नाची आमच्या भाषेतील चर्चा काही कालची नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, त्यात वाचक आपले गुपित प्रश्न पाठवीत आणि कर्वे त्यांना सरळ उत्तरे देत. त्या उत्तरांपायी १९३४ साली खटला झाला, तेव्हा कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कायद्याने ह्या प्रेमावरील गुन्ह्याचा शिक्का २००९ साली दिल्लीपुरता काढला, २०१३ साली पुन्हा मारला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुसला. ज्याने ही नऊ वर्षे वयात येण्यात घालविली, त्याला आपल्या नावाविषयी ठामपणा का नाही, असे विचारणारे धन्य होत.

कोणी म्हणेल, ही नावे परकी आहेत. काही आहेत. ‘मास्तर’ आणि ‘वकील’ हेही परकेच होते. कोणी म्हणेल, नाव हवेच कशाला? माणसाने माणूस म्हणून राहावे. हे बोलणे ऐकावयास गोड आहे, पण ते नेहमी त्याच्या तोंडून येते ज्याला आपले नाव सांगण्याची कधी गरजच पडलेली नाही. मुखेडच्या एखाद्या मुलीला ‘लेस्बियन’ हा शब्द सापडतो तेव्हा तिला शब्द सापडत नाही, तिला हे कळते की आपल्यासारखी दुसरी कोणी होऊन गेली असली पाहिजे. एरवी शब्द झालाच नसता. एवढे त्या शब्दाचे काम झाले की तिने तो ठेवावा अथवा टाकावा. आणि ज्याला कोणतेच नाव घ्यावयाचे नाही त्याला न घेण्याचीही मोकळीक हवी, हे आम्ही तितक्याच आग्रहाने म्हणतो.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: आईबापांनी दिलेले टाकून स्वतः नाव घेणे म्हणजे कुळाशी द्रोह. ह्यावर उत्तर नांदेडच्याच विद्यापीठाच्या कमानीवर आहे. नांदेड-लातूरच्या हजारो मुलांच्या पदवीपत्रांवर जे नाव छापले जाते, ते पाळण्यात ठेवलेले नाही. व्यंकटेश खेडगीकर ह्या गृहस्थांनी संन्यास घेतला, जुने नाव उतरवून ठेविले व स्वामी रामानंद तीर्थ हे नवे धारण केले. त्याच नावाने त्यांनी निजामाशी लढा दिला आणि त्याच नावाने मराठवाडा त्यांना ओळखतो. ‘तुमचे खरे नाव काय?’ असे त्यांना कोणी खोचून विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. संन्यास आणि हा प्रश्न एक नव्हेत, हे आम्हांस कळते. परंतु जाणत्या मनुष्याने स्वतःस ओळखून घेतलेले नाव जन्मनावाहून खरे असू शकते, हे आपला समाज एका बाबतीत मानतो, एवढे तर सिद्ध झाले.

मराठी बोलणाऱ्याची अडचण आणखी एक आहे. इंग्रजीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ एकच. तेथे मनुष्य वर्षानुवर्षे आपले गुपित राखून बोलू शकतो. मराठीत घराचा उंबरठा ओलांडताच क्रियापद पुरुष की स्त्री ते विचारते. कोल्हापूरकडच्या कित्येक बायका खुशाल ‘मी आलो’ म्हणतात, पण मराठवाड्यातल्या घरी मुलाने ‘मी आले’ म्हटले की स्वयंपाकघरातले भांडे थांबते. कोणतेही नाव जाहीर करण्याआधी त्या मुलाला हे एक क्रियापद ओलांडावे लागते. त्यातल्या त्यात सोय अशी, की मराठीत ‘आम्ही’ला आणि ‘तुम्ही’ला लिंग नाही. ‘तुम्ही केव्हा आलात?’ हे वाक्य कोणालाही विचारता येते. ‘तू आलास’ की ‘तू आलीस’ ह्याचा निर्णय करण्याची गरज अरेतुरे करणाऱ्यालाच पडते.

नाव सांगण्याचा प्रसंग सर्वांवर सारखा येतो तो शिरगणतीत. २०११ साली प्रथमच पुरुष व स्त्री ह्यांच्या जोडीला ‘इतर’ अशी नोंद करण्यात आली. देशात ४,८७,८०३ माणसे त्या रकान्यात भरली, महाराष्ट्रात ४०,८९१. हे आकडे भाषणांत नेहमी ऐकू येतात. परंतु देशाच्या आकड्यातील ५४,८५४ जण सात वर्षांच्या आतली बालके होती, हे क्वचितच सांगितले जाते. त्या बालकांनी स्वतःविषयी काय ठरविले असणार? कोणी तरी मोठ्याने सांगितले आणि प्रगणकाने लिहिले. गणनेची रीतच ती आहे. प्रश्न घराच्या कर्त्याला विचारावयाचे. हिजड्यांच्या घराण्यात कर्ता म्हणजे गुरू, म्हणून तेथली माणसे ‘इतर’ म्हणून लिहिली गेली असतील. मुखेडच्या किंवा औशाच्या वाड्यात कर्ता म्हणजे बाप. मुलगा लातुरात शिकावयास असला, सुटीत आलेला असला, माजघरात बसून सारे ऐकत असला, तरी ओसरीवर प्रगणकाने विचारले, ‘मुले किती?’ आणि बापाने सांगितले, ‘दोन. दोन्ही मुलगे.’