इतक्यापर्यंत नाही

‘रेल्वे घालवली, मग त्या दुर्बिणीला ऐकू तरी काय आलं?’ मंचरच्या एका स्नेह्यांचा हा प्रश्न मला सोडत नाही. पुणे–नाशिक रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला मार्ग खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचं कारण देऊन बदलला, हा जुन्नर-आंबेगावचा राग खरा आहे. ती उभारणारे गोविंद स्वरूप, तिच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या हे इथल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. तिथून दुसऱ्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांच्या रेडिओलहरीही शोधल्या जातात, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

त्यांतले काही म्हणजे ताऱ्याला खेटून दोन-चार दिवसांत फेरी मारणारे, हजार अंशांच्या आसपास तापलेले वायुग्रह. एचडी २०९४५८ बी या ग्रहाचा हायड्रोजन अवकाशात निसटतोय, हे हबल दुर्बिणीतून २००३ मध्ये कळलं. तो किती निसटेल, तिथले वारे कुठे अडतील, यात ग्रहाच्या चुंबकीय क्षेत्राचा मोठा हात. हे क्षेत्र रेडिओलहरींतून कळू शकतं. आपल्या गुरूच्या अशा लहरी १९५५ मध्येच सापडल्या होत्या.

म्हणून फ्रान्सचे लकाव्हलिए आणि आपले गोपाल-कृष्ण यांच्या चमूने हा ग्रह आणि एचडी १८९७३३ बी खोडदहून १५० मेगाहर्ट्झवर तपासले. २०११ मध्ये निकाल छापला: अनुक्रमे ३.६ आणि २.१ मिलिजान्स्की (रेडिओलहरींच्या तीव्रतेचं एकक) या मर्यादेपर्यंत काही नाही. ‘काही नाही’ आणि ‘इतक्यापर्यंत काही नाही’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं म्हणजे रिकामे हात, दुसरं मोजमाप. स्नेह्यांना हेच ठणकावून सांगायचं मी ठरवलं होतं.

पण हिशेब मांडला आणि अडलो. लहरींची वारंवारता क्षेत्राच्या जोरावर ठरते. गुरूच्या या लहरी ४० मेगाहर्ट्झपलीकडे जात नाहीत. १५० मेगाहर्ट्झसाठी सुमारे ५० गॉस, म्हणजे गुरूच्या कितीतरी पट क्षेत्र लागेल. गुरूसारखा ग्रह तिथे कितीही जोरात बोलला असता, तरी खोडदला पत्ता लागला नसता. म्हणजे त्या मर्यादेवरून क्षेत्र दुबळं आहे असंही म्हणता येत नाही. स्नेह्यांचा टोमणा मला वाटला होता त्याहून खोल गेला.

उरतो एचएटी-पी-११ बी. नेपच्यूनएवढ्या या ग्रहाच्या दिशेने २००९ मध्ये खोडदला क्षीण लहरी टिपल्या गेल्या आणि ग्रह ताऱ्याआड जाताच त्या थांबल्या. २०१० मध्ये तितक्याच बारकाईने पाहिलं, तर काहीच नाही. तो ग्रहच होता का? याचा निवाडा पुन्हापुन्हा ऐकूनच होईल, तेही रेल्वेसारख्या गोष्टींनी भोवतालचा रेडिओ-गोंगाट वाढू न देता. त्यामुळे आता मी शोधांच्या नावाने ही शांतता मागत नाही. तपास अर्धा आहे म्हणून मागतो, आणि मंचर-नारायणगावच्या लोकांसमोर त्याचा हिशेब ‘इतक्यापर्यंत नाही’ याच शब्दांत, आकड्यांसह ठेवावा असं म्हणतो.