निवृत्त घोड्याचा हिवाळी चारा

विशी ओलांडलेल्या, कामातून निवृत्त घोड्याचा हिवाळी खुराक त्याच्या दाढा पाहून ठरवावा. दाढा झिजल्या की गवत नीट चावले जात नाही. अर्धवट चघळलेले ओले बोळे गव्हाणीपाशी पडलेले दिसतात. आयुष्यभर राबलेल्या जनावराची ही उपासमार नजरेतून सुटता कामा नये. अशा घोड्याला बारीक कापलेला लसूणघास पाण्यात भिजवून, मऊ करून द्यावा. थंडीत धान्य वाढवण्याकडे कल असतो, पण खरी ऊब चाऱ्यातून मिळते: तंतुमय चारा मोठ्या आतड्यात आंबताना उष्णता निर्माण होते. पाणी कोमट असावे. गार पाणी तो कमी पितो आणि कोठा जड होऊन पोटशूळ उठू शकतो. हिवाळी केसांआड बरगड्या दिसत नाहीत, म्हणून दर आठवड्याला त्या हाताने चाचपून पाहाव्यात.