ख्रिस्ती श्रद्धा आणि शेजारधर्म

येशू हा साऱ्या मानवजातीचा तारणारा आहे, असा ख्रिस्ती धर्माचा दावा आहे. असा दावा करणारा माणूस शेजाऱ्याच्या देवाचा मान कसा राखणार, हा प्रश्न जुना आहे आणि 'शेवटी सगळे धर्म सारखेच' असे म्हणून तो सुटत नाही. जे आपल्यासारखेच आहे त्याचा मान राखायला फारसे कष्ट पडत नाहीत. कसोटी लागते ती वेगळेपण खरोखर वेगळे असते तेव्हा. ख्रिस्ती परंपरेत या आदराचा आधार दुसराच आहे. श्रद्धा म्हणजे माणसाने देवाला आपखुशीने दिलेला होकार. तो धाकाने किंवा लालूच दाखवून मिळवला तर होकारच राहत नाही.

लूकच्या शुभवर्तमानात याचे दोन चांगले दाखले आहेत. एका शोमरोनी गावाने येशूला उतरू दिले नाही, तेव्हा याकोब आणि योहान या शिष्यांनी त्या गावावर आकाशातून अग्नी पाडायची परवानगी मागितली. येशूने गावाला नव्हे, शिष्यांनाच दटावले आणि सगळे दुसऱ्या गावाकडे निघाले. दुसरा दाखला दहा कुष्ठरोग्यांचा. दहाही जण बरे झाले, आभार मानायला एकच परतला, तोही शोमरोनी, म्हणजे परक्या उपासनेचा. बाकीचे नऊ आले नाहीत म्हणून त्यांचा आजार उलटला, असे कुठे लिहिलेले नाही.

प्रत्यक्ष इतिहास मात्र या दाखल्यांप्रमाणे घडला नाही. लूकमध्येच मेजवानीचा एक दृष्टान्त आहे. त्यात वाटेवरच्या लोकांना भाग पाडून आत आणायला सांगितले आहे. त्या वाक्याचा आधार घेऊन पाचव्या शतकाच्या सुमारास संत ऑगस्टीनने फुटीर ख्रिस्त्यांवर राजसत्तेने बळ वापरणे योग्य ठरवले, आणि पुढच्या सत्ताधीशांना आयते समर्थन मिळाले. पोर्तुगीजांनी १५३४ मध्ये वसई आणि १५५९ मध्ये दमण घेतले. डहाणू-तारापूरचा किनारा १७३९ च्या मराठी मोहिमेपर्यंत त्यांच्याकडे होता. १५६० मध्ये गोव्यात धर्मन्यायपीठ स्थापन झाले. या आठवणी कोकणात अजून पुसलेल्या नाहीत, आणि 'मिशन' हा शब्द ऐकताच उठणारा संशय केवळ अपप्रचारातून आला, असे म्हणणे खरे नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी डहाणूला आलेले प्रॉटेस्टंट मिशन मात्र वेगळ्या घराण्यातले होते. 'चर्च ऑफ द ब्रदरन' हा पंथ १७०८ मध्ये जर्मनीतल्या श्वार्त्सेनाउ गावी आठ जणांनी सुरू केला. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा न देणे, शस्त्र न उचलणे आणि धर्मात सक्ती न करणे ही त्यांची तत्त्वे. राजमान्य चर्चच्या छळाला कंटाळून त्यांच्यातले बहुतेक अमेरिकेत गेले. छळ सोसलेल्या या लोकांचे मिशनरी १८९४ मध्ये भारतात आले आणि बलसाडला स्थिरावले, पुढे डहाणूला त्यांचा दवाखाना उभा राहिला, आणि १९७० मध्ये हे चर्च 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया'त सामील झाले. तलासरीला कॅथलिक येशूसंघाचे ज्ञानमाता सदन आहे. कॅथलिकांपुरता आदराचा आणि सक्तीचा प्रश्न दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये निकालात काढला : इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, आणि धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये.

तत्त्व ठरले तरी डहाणू-तलासरीत खरी अडचण पुढेच होती. इथला वारली आदिवासी कर्जाने आणि वेठीने बांधलेला होता; लग्नाच्या कर्जापायी सावकाराच्या दारी राबणाऱ्या 'लग्नगड्या'ची स्थिती गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकातून महाराष्ट्राला कळली. अशा उपाशी माणसाला औषध आणि पाटी-पेन्सिल देणाऱ्याने सोबत देवही पुढे केला, तर त्याच्या होकारातला मोकळेपणा कसा मोजायचा? उत्तर एकच निघते : नकार देणाऱ्यालाही तेच औषध आणि तीच शाळा मिळाली पाहिजे. हा निकष ख्रिस्ती संस्थांपुरता नाही. आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे, मग भिंतीवर तसबीर कोणाचीही असो.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. वारल्यांच्या श्रद्धेला पोथी नाही, संस्थापक नाही, त्यामुळे तिला धर्म मानायलाच बाहेरचे लोक तयार नसतात. मिशनऱ्यांना ती भुताखेतांची भीती वाटली, शहरी हिंदूंना आपल्याच धर्माची कच्ची आवृत्ती. वस्तुतः हिमाय, हिरवा, नारनदेव, वाघोबा आणि धान्याची कणसरी या देवतांची तिथे नीट व्यवस्था आहे. लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते आणि धवलेरी ही पुरोहित बाई गाणी म्हणून लग्न लावते. लग्न लावण्याचा अधिकार बाईकडे आहे, ही गोष्ट सुधारकांच्या लक्षात फारशी आलेली दिसत नाही. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा पुजारीही आदिवासीच असतो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांनी वारली चित्र कागदावर आणून जगभर नेले. कागदावरचे चित्र कोणत्याही ख्रिस्ती घरात टांगता येईल. लग्नघरातल्या भिंतीवर तीच रेघ देवीचे आसन असते. आदर करायचा तर आधी हा फरक माहीत हवा.

बाप्तिस्मा घेतलेल्या वारल्याचे नातेवाईक मात्र त्याच पाड्यावर राहतात. वाघोबाच्या वाघबारशीला वर्गणी द्यायची का? देवाला दिलेल्या कोंबड्याचे जेवण भावाच्या घरी घ्यायचे का? हाच पेच पहिल्या शतकात करिंथच्या ख्रिस्त्यांना पडला होता. पौलाने त्यांना लिहिले की ताटात पडेल ते चौकशी न करता खावे. पण कोणी हे नैवेद्याचे आहे असे सांगितले, तर सांगणाऱ्याच्या मनाचा विचार करून खाऊ नये. या सल्ल्यात यजमानाचा अपमान नाही आणि स्वतःच्या श्रद्धेची लपवाछपवीही नाही. भावानेही त्याला त्या ताटावरून उठू द्यावे आणि पुढच्या लग्नाला पुन्हा बोलवावे, एवढी परतफेड यात गृहीत आहे.

दुसऱ्याच्या श्रद्धेचा मन लावून अभ्यास करणे हा आदराचा पुढचा टप्पा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही तुकोबांचे ऋण कधी नाकारले नाही. डहाणू आणि तलासरी १९९८ पासून ज्या वसई धर्मप्रांतात मोडतात, त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांचा प्रबंध तुकारामांच्या ईश्वरानुभवावर आहे. हिमाय आणि कणसरी यांनाही असाच अभ्यासू वाचक हवा. तिथे मात्र ग्रंथालयापेक्षा भगताच्या अंगणात बसावे लागेल.

धर्मांतराच्या प्रश्नाच्या कडा कायद्याने आखून दिल्या आहेत. राज्यघटनेचे पंचविसावे कलम धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देते. दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टेनिस्लॉस खटल्यात सांगितले आणि बळ, फसवणूक, आमिष यांना बंदी घालणारे कायदे वैध ठरवले. अनुसूचित जातींच्या यादीला धर्माची अट आहे, जमातींच्या यादीला नाही. म्हणून ख्रिस्ती झालेला वारली कायद्याने वारलीच राहतो. धर्मांतरितांना जमातींच्या यादीतून वगळावे, अशी मागणी होत असते. ती मान्य झाली तर राखीव जागांबरोबर जमिनीचे संरक्षणही जाईल, कारण आदिवासीची जमीन बिगरआदिवासीकडे जाण्यावरची बंधने याच दर्जावर उभी आहेत. मग आमिष घेऊन बाप्तिस्मा घेणाऱ्याविषयी जी शंका घेतली जाते, तीच जमीन वाचवण्यासाठी जुन्या धर्मात राहणाऱ्याविषयीही घ्यावी लागेल.