परत न केलेले पुस्तक

विकलेल्या शेतात नव्या मालकाने जोंधळा सोडून ऊस लावला, म्हणून जुन्या मालकाने बांधावर येऊन भांडण काढावे, तसा काहीसा तो प्रकार मला वाटला होता. मिखाएल एंडे या जर्मन लेखकाने स्वतःच्याच कादंबरीवरच्या चित्रपटाविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि तिथे हार पत्करली, हे मी वाचले तेव्हाची ही गोष्ट. हक्क विकले होते ना? मग आता कुरकुर कसली? खरेदीखतावर सही झाली की विषय संपतो, असे आपण म्हणतो. (आमच्या बेळगाव भागात तो कितपत संपतो, हे सांगायला नको.)

हे मत पुढे मला बदलावे लागले, तेही सातवीतल्या एका मुलामुळे. पण आधी ती कादंबरी.

‘कधीच न संपणारी गोष्ट’ अशा अर्थाच्या नावाने ती १९७९ साली जर्मनीत निघाली. राल्फ मानहाइम यांचे इंग्रजी भाषांतर, ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’, १९८३ मध्ये आले आणि आमच्यासारख्यांना ती त्या वाटेने भेटली. मूळ पुस्तक दोन रंगांच्या शाईत छापलेले. एक रंग आपल्या जगाचा, दुसरा कल्पनेच्या राज्याचा. प्रकरणे सव्वीस, आणि प्रत्येकाचा आरंभ रोमन वर्णमालेतल्या पुढच्या पुढच्या अक्षराने. मराठीत हा खेळ कोणी करायला गेला, तर ‘ण’ आणि ‘ळ’ने सुरू होणारी प्रकरणे कुठून आणणार, कोण जाणे!

गोष्टीतला बास्टियन हा लठ्ठ, फिक्कट, अभ्यासात मागे आणि खेळात कच्चा असा मुलगा. आई वारलेली. वडील दातांच्या कवळ्या बनवणारे, आणि पत्नी गेल्यापासून घरात असून नसल्यासारखे. वर्गातली मुले मागे लागली म्हणून तो कोरिआंडर नावाच्या तिरसट म्हाताऱ्याच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात शिरतो आणि तिथून एक पुस्तक चोरतो. घरी जायचा धीर होत नाही, म्हणून शाळेच्या माळ्यावर लपून ते वाचू लागतो. पुस्तकातल्या राज्याला ‘शून्य’ गिळत चालले आहे, तिथली बालसम्राज्ञी आजारी आहे, आणि तिला नवे नाव देणारे एक मानवी मूल हवे आहे. वाचता वाचता बास्टियनला कळते की ते मूल आपणच. तो नाव उच्चारतो आणि पुस्तकाच्या आत जातो.

इथे कादंबरी जेमतेम निम्मी झालेली असते. चित्रपट मात्र इथेच आवरता घेतला आहे.

दिग्दर्शक वोल्फगांग पेटरसन यांनी १९८१ मध्ये ‘दास बूट’ हा पाणबुडीवरचा चित्रपट करून नाव कमावले होते. म्युनिकच्या बव्हेरिया स्टुडिओत सुमारे सहा कोटी मार्क खर्चून हा चित्रपट उभा राहिला. त्या काळचा तो सर्वांत महागडा जर्मन चित्रपट. तो केला इंग्रजीत. एवढा पैसा ओतायचा, तर तो परत यायला जगभरची थिएटरे हवीत. आणि जगभरच्या मुलांना दीड तासात खूश करून घरी पाठवायचे, तर बास्टियनला लठ्ठ ठेवून चालत नाही. तो देखणा झाला. पुस्तकातला सडपातळ, मोतिया खवल्यांचा मंगलड्रॅगन पडद्यावर पांढऱ्या केसाळ कुत्र्यासारखा झाला. सुरुवातीला एंडे पटकथेच्या कामात होते. पुढे पटकथा त्यांच्या हातून निसटली. निर्मिती थांबवा, नाहीतर नाव तरी बदला, अशी त्यांची मागणी होती. कोर्टाने ती मानली नाही. हा सगळा बाजारू भपका आहे असे ते जाहीरपणे म्हणत राहिले. १९९५ मध्ये ते वारले.

चित्रपटाला न्याय द्यायचा तर एक सांगितले पाहिजे. दुःखाच्या दलदलीत अत्रेयूचा घोडा बुडतो तो प्रसंग. पुस्तकात घोडा बोलतो. माझा शेवट तू पाहू नकोस, अशी मालकाला विनवणी करतो. पडद्यावरचा घोडा मुका आहे. चिखल चढत जातो आणि पोरगा लगाम ओढत नुसता ओरडत राहतो. माझ्या भाचीने व्हिडिओ कॅसेटवर तो प्रसंग पाहिला आणि त्या रात्री ती जेवली नाही. तिथे चित्रपट पुस्तकाच्या पुढे गेला, असे मला आजही वाटते. तेव्हा बदल करणे हेच पाप, असे मी म्हणणार नाही.

आता त्या मुलाकडे येतो. १९९२च्या सुमारास आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मी या गोष्टीचे नाटुकले बसवले. वेळ मिळाला पंचवीस मिनिटे. पहिला प्रवेश पुस्तकचोरीचा, कारण त्यात हशा होता. शेवट मी सरळ कॅसेटवरून उचलला: बास्टियन ड्रॅगनवर बसून आपल्या जगात येतो आणि त्याला छळणाऱ्या पोरांना पळवून लावतो. बांबूच्या कामट्या आणि चार पांढऱ्या चादरींचा ड्रॅगन. टाळ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली.

बास्टियन झालेला मुलगा कन्नडभाषक घरातला, शिकायला आमच्या मराठी शाळेत. रंग पुसता पुसता तो म्हणाला, “सर, त्यानं ते पुस्तक परत दिलं नाही की हो.”

“वेळ नव्हता रे.”

“उडायला वेळ होता की.”

मी काहीतरी बोलून त्याला वाटेला लावले. पण घरी येऊन पुस्तकाचा उत्तरार्ध पुन्हा काढला.

त्या उत्तरार्धात बास्टियनच्या गळ्यात सम्राज्ञीचे पदक असते. त्यावरची अक्षरे त्याला मन मानेल तसे वागायची मुभा देतात, असे तो समजतो. प्रत्येक इच्छा पुरी होते. तो देखणा होतो, बलवान होतो, शूर होतो. पण दर इच्छेसरशी त्याच्या पूर्वायुष्यातली एक आठवण पुसली जाते, आणि गंमत अशी की गेलेली आठवण गेली हेही त्याला कळत नाही. आपण कधी लठ्ठ होतो हे तो विसरतो, मग आपली कोणी टिंगल करीत असे हे विसरतो. जिवाला जीव देणाऱ्या अत्रेयूवर शस्त्र उगारण्यापर्यंत त्याची मजल जाते. वाटेत त्याला एक शहर लागते. आधी येऊन गेलेले असेच मानवी ‘सम्राट’ तिथे सगळे विसरून अक्षरांचे फासे टाकत बसलेले असतात. पुढे स्वतःचे नावदेखील त्याच्यापाशी उरत नाही. विसरलेल्या स्वप्नांच्या खाणीत खणता खणता त्याला बर्फात गोठलेल्या एका माणसाचे चित्र सापडते. ते चित्र त्याच्या वडिलांचे आहे, हेही तो ओळखत नाही. त्याची ओढ मात्र वाटते, आणि तेवढ्या आधारावर तो परतीची वाट धरतो.

हे सगळे दाखवायला सहा कोटी मार्क कमी पडले असते असे नाही. पण इच्छा पुरी होण्याचा आनंद विकायचा, तर तिचे बिल शेवटच्या दृश्यात कोण दाखवील? चित्रपटातला बास्टियन दुकानातून पुस्तक नेताना चिठ्ठी ठेवून जातो, पुस्तक परत करीन म्हणून. किती साळसूद युक्ती आहे पाहा! आरंभीच चोरीचे उसनवारीत रूपांतर केले की शेवटी कबुलीजबाबाचा खर्चच वाचतो. वडील एकदाच दिसतात: सकाळी संत्र्याच्या रसात कच्चे अंडे फेटताना मुलाला जमिनीवर पाय ठेवायचा उपदेश करतात. पुढे चित्रपटाला त्यांची आठवणही होत नाही. १९९० साली दुसरा भाग निघाला. त्यात इच्छेपायी आठवणी जातात खऱ्या, पण एका दुष्ट स्त्रीच्या यंत्राने चोरल्या जातात. म्हणजे किंमत इच्छेच्या पोटात नाहीच. ती कोणीतरी बाहेरच्याने घातलेली दरोडेखोरी आहे. मुलाने फक्त त्या बाईला हरवायचे.

इतरांचेही असे झाले आहे. ‘मेरी पॉपिन्स’च्या लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्स यांचे डिस्नेच्या १९६४च्या चित्रपटाशी कधीच जमले नाही. फ्रँक बॉम १९१९ मध्येच गेले, म्हणून १९३९ मध्ये त्यांच्या ‘ऑझ’मधल्या चंदेरी बुटांचे माणकांचे बूट झाले, याची तक्रार करायला ते नव्हते. रंगीत फिल्मवर लाल खुलून दिसतो, एवढेच कारण. बुटांबद्दल माझे काही म्हणणे नाही. पण पुस्तकात ऑझ खरे आहे आणि चित्रपटात डोरथीचे ते स्वप्न ठरते, तिथे मला अडखळायला होते.

मग काय बदलावे आणि काय बदलू नये? मला उत्तर सुचले ते त्या मुलाच्याच घरच्या गोष्टीतून. पुण्यकोटी गाईची कन्नड कथा आमच्याकडे मराठी मुलांनाही शाळेतून ठाऊक असते. वाघ गाईला धरतो. वासराला पाजून येते, मग खा, असे वचन देऊन ती सुटते. आणि दिलेल्या शब्दासाठी परत येते. शरमेने वाघच प्राण देतो. हिचा कोणी उद्या भव्य चित्रपट करावा. वाघाचा सिंह करा, गोठ्याचा महाल करा, गाईला चार गाणी द्या, माझी हरकत नाही. पण गाय रानात परत गेलीच पाहिजे. वासरू गोड दिसते म्हणून ती गोठ्यातच राहिली आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, तर जे उरले त्याला त्याच नावाने विकू नये. एंडे यांची मागणी याहून निराळी कुठे होती? नाव तरी बदला, एवढेच ते म्हणत होते. कोर्ट करारापुरते बरोबर असेलही. परंतु करारात दोन बाजू असतात, आणि नावावर विसंबून तिकीट काढणारे मूल त्या दोन्हींत नसते.

कुणी म्हणेल, मुलांना एवढे कशाला हवे? दीड तास हसली-रडली, पुरे झाले. हे मला पूर्वी पटत असे. पण ड्रॅगनवरून उतरलेल्या मुलालाच त्या पुस्तकाची टोचणी लागली होती, आणि ती मी त्याला शिकवलेली नव्हती.

पुस्तकात बास्टियन घरी येतो. सारे ऐकून वडिलांच्या डोळ्यांत पाणी येते. दुकानदाराचे मी पाहतो, असे ते म्हणतात. पण मुलगा ऐकत नाही, आपले आपण जायचे ठरवतो. पुस्तक तर माळ्यावरून नाहीसे झालेले. रिकाम्या हातांनी तो कोरिआंडरसमोर उभा राहून चोरी कबूल करतो. म्हातारा म्हणतो, असे पुस्तक माझ्या दुकानात कधी नव्हतेच.

पुढच्या वर्षी दहा मिनिटे वाढवून घेऊ आणि हा प्रवेश करू, असे मी त्या मुलाला सांगितले होते. तसा लिहूनही काढला. पुढच्या वर्षी संमेलनात नृत्ये फार झाली, आणि तो मुलगा दुसऱ्या शाळेत गेला. प्रवेश वहीत तसाच आहे.