द्यायच्या मशीनची मोटर

आमचं सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन २०११ सालचं. आईबाबांनी नगरला घेतलेलं, माझ्या नोकरीबरोबर ते वाघोलीला आलं आणि गेल्या मे महिन्यात एका दुपारी जळका वास सोडून थांबलं. मेकॅनिकने मागचं पॅनल उघडलं, आधी कंडेन्सर बदलून पाहिला, मग मीटर लावून सांगितलं, "वॉशची मोटर गेली. वायंडिंग जळलंय." अशा मशीनमध्ये धुण्याची मोटर वेगळी, पिळण्याची वेगळी. पिळण्याची शाबूत होती.

नवं फ्रंट लोड मशीन आम्ही घेणारच होतो. त्यामुळे ठरलं असं, की जुनं दुरुस्त करून आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींना द्यायचं. सहा घरचे कपडे-भांडी करून त्या स्वतःच्या घरचं धुणं हातानेच धुतात. त्यांच्या खोलीत नळाला पाणी नाही, पण सेमी-ऑटोमॅटिकला बादलीने पाणी भरता येतं.

मेकॅनिककडे दोन पर्याय होते: तांब्याच्या वायंडिंगची मोटर आणि अ‍ॅल्युमिनियमची. फरक सातशे रुपयांचा. जुनीच रिवाइंड करावी म्हटलं, तर उन्हाळ्यात ती दुकानं विहिरीवरच्या मोटरींनी भरलेली, आणि खर्च जवळपास नव्याइतकाच. मी लगेच म्हणालो, "अ‍ॅल्युमिनियमची टाका. द्यायचंच आहे."

"उद्या आणतो," म्हणून तो गेला. त्याला माझ्या बोलण्यात काही वावगं वाटलं नाही. मला रात्री वाटलं.

माझं शिक्षण इंजिनिअरिंगचं आहे, त्यामुळे मी काय निवडलं हे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. अ‍ॅल्युमिनियमची विद्युतवाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के. तेवढाच रोध हवा तर तारेच्या छेदाचं क्षेत्रफळ सुमारे १.६ पट लागतं. नीट आराखडा केला तर अ‍ॅल्युमिनियमची मोटरही उत्तम चालते. पण स्वस्त मोटरीत तेवढ्याच सांगाड्यात तार बसवायची असते, त्यामुळे ती जास्त तापते. ढोबळ नियम असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की तारेवरच्या इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. मावशींची खोली वायरिंगच्या शेवटच्या टोकाला, मालकाच्या सब-मीटरवर. तिथे संध्याकाळी व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की तोच भार ओढायला मोटर जास्त करंट घेते आणि आणखी तापते. म्हणजे जिथे मोटर जळण्याची शक्यता जास्त, तिथे मी लवकर जळणारी मोटर पाठवत होतो. आणि आमच्या मोटरीतलं तांबं मेकॅनिक भंगारात घेऊन जाणार होता. आम्ही चौदा वर्षं तांब्यावर कपडे धुतले होते.

माझ्या बाजूने युक्तिवाद नव्हते असं नाही. मशीन फुकट आहे. नाही दिलं तर मावशींकडे काहीच नाही, त्यामुळे कसलंही मशीन ही त्यांची भरच. शिवाय 'धर्माची गाय आणि दात का नाय' ही म्हण आपल्याकडे आहेच. पण ती म्हण घेणाऱ्याला गप्प करते, देणाऱ्याला काही विचारत नाही.

देणाऱ्याला विचारणारी गोष्ट कठोपनिषदात आहे. नचिकेताचा बाप सर्वस्व दान करायला निघतो आणि ज्यांचं शेवटचं पाणी पिऊन झालंय, शेवटचं गवत खाऊन झालंय, दूध आटलंय अशा गायी देतो. पोराच्या मनात येतं, की असं देणारा आनंद नसलेल्या लोकी जातो. परलोकाचं मला माहीत नाही. पण त्या गायींचा हिशोब मला कळतो. म्हाताऱ्या गाईला चारा लागतोच. तिच्याबरोबर तिला पोसण्याचा खर्चही दुसऱ्याच्या दारात जातो, आणि बापाच्या गोठ्यातली जागा मोकळी होते. दानाचं नाव, आणि फायदा देणाऱ्याचा. बादल्या भरून मशीन चालवायचं, सवय लागू द्यायची आणि वर्षभरात मोटर जळली की मेकॅनिकच्या फेरीचे पैसे द्यायचे, हे मी मावशींच्या नावावर करत होतो. 'नसण्यापेक्षा बरं' हा युक्तिवाद तिथे तुटतो.

सकाळी फोन करून तांब्याची मोटर टाकायला सांगितली. यात थोरपणा नाही. सातशे रुपये मी एका शनिवारी बाहेर जेवण्यात घालवतो.

पण प्रश्न तिथे संपला नाही. मशीन दाखवल्यावर मावशींनी पहिलंच विचारलं, "दादा, बिघडलं तर कोणाला बोलवायचं?" मी मेकॅनिकचा नंबर दिला. हे उत्तर शक्य होतं, कारण या मशीनची मोटर कोणत्याही एका कंपनीची मिंधी नाही. तपकीर गल्लीत बसणारी मोटर मिळते, बेल्ट मिळतो, टायमर मिळतो. माझ्या नव्या फ्रंट लोडची इन्व्हर्टर मोटर तिच्या बोर्डाशिवाय फिरत नाही, आणि बोर्ड त्या मॉडेलपुरता. मोटरवर दहा वर्षांची वॉरंटी आहे, बोर्डावर तेवढी नाही. युरोपीय संघात मार्च २०२१पासून नियम आहे, की मॉडेल बाजारात येणं थांबल्यावरही किमान दहा वर्षं मोटर, कार्बन ब्रश असे सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकांना मिळाले पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर जुलै २०२२मध्ये समिती नेमली. मी हा विषय ग्राहकाच्या सोयीचा समजत होतो. आता वाटतं, जे दुरुस्त होत नाही ते धड देताही येत नाही. नवं मशीन मी कधी कोणाला दिलं, तर बहुधा नचिकेताच्या बापासारखंच देईन.

दिवाळीनंतर एकदा मावशी सहज म्हणाल्या, की मध्ये बेल्ट तुटला होता, बदलून घेतला. मी म्हणालो, "मला सांगायचं ना, मी दिले असते पैसे."

"तुम्ही कशाला?" त्या म्हणाल्या. "आता माझंय ना ते?"

मी गप्प बसलो. मोटर निवडताना जबाबदारी माझी होती, याबद्दल मला शंका नाही. ती नेमकी कुठे संपली ते मावशींना माझ्यापेक्षा आधी कळलं होतं.