भाडं कोणी भरलं?

'बफेलो' हे जहाज १८१३ साली कलकत्त्यात बांधलं गेलं, 'हिंदोस्तान' या नावाने. पुढे ते ब्रिटिश आरमाराने घेतलं. १८३३मध्ये त्यातून शिक्षा झालेल्या बायका सिडनीला नेल्या. १८३६च्या जुलैत तेच जहाज पोर्ट्समथहून निघालं, दक्षिण ऑस्ट्रेलिया या नव्या वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन हिंडमार्श आणि सुमारे पावणेदोनशे माणसं घेऊन. या वसाहतीत कैदी पाठवायचे नाहीत, असा कायदाच होता. येणारा मोकळा माणूस, आपल्या मर्जीने येणारा.

पण हातावर पोट असलेल्या मजुराकडे भाड्याचे पैसे कुठले? यावर तोड काढली होती एडवर्ड गिबन वेकफील्डने, तीही लंडनच्या न्यूगेट तुरुंगात बसून. वसाहतीतली जमीन फुकट वाटू नका, विका. आलेल्या पैशातून तरुण मजुरांना फुकट न्या. १८३४च्या कायद्याने ही योजना उचलली. तिशीच्या आतली माणसं घ्यायची, बायका आणि पुरुष सारख्या संख्येने. वसाहत सुरू होण्याआधी ३५,००० पौंडांची जमीन विकली जायलाच हवी. ती लवकर खपेना, तेव्हा भाव एकराला १२ शिलिंगांवर आणावा लागला. घेणाऱ्यांनी ती पाहिलेली नव्हती, कोणी मोजलेली नव्हती, राजधानी कुठे वसणार हेही ठरलेलं नव्हतं.

त्याच कायद्याने ही जमीन पडीक आणि वस्ती नसलेली ठरवली. तिथे कौर्ना लोक पिढ्यानपिढ्या राहत होते. ठरावीक वेळी गवत जाळून तिथली मैदानं त्यांनीच मोकळी राखली होती. लंडनला हे ठाऊक नव्हतं असं म्हणता येत नाही. फेब्रुवारी १८३६च्या राजाज्ञेत मूळ रहिवाशांच्या त्यांच्या जमिनीवरच्या हक्काला धक्का लागणार नाही, असं लिहिलेलं आहे. मात्र तोवर विक्री होऊन गेली होती. याला मी गैरसमज म्हणणार नाही. कळत असताना केलेला हा व्यवहार होता.

पाच महिने समुद्रावर काढणाऱ्या मजूर जोडप्यांचं धाडस खरंच मोठं होतं. मायदेश पुन्हा दिसेल याची त्यांना खात्री नव्हती, आणि त्यांनी कोणाचं काही हिसकावून घ्यायचं ठरवलं होतं असंही नाही. तरीही या वसाहतीत मजुरांना आणायचा खर्च ज्या जमिनीच्या किमतीतून निघाला, ती कौर्नांची होती. त्यांना कोणी विचारलं नाही, एक शिलिंगही दिला नाही.

२८ डिसेंबर १८३६ला, आज ग्लेनेल्ग म्हणतात त्या किनाऱ्याजवळ, हिंडमार्शची घोषणा वाचली गेली. मूळ रहिवाशांनाही कायद्याचं सारखंच संरक्षण मिळेल, असं तिच्यात होतं. त्यांच्या जमिनीच्या हक्काबद्दल अक्षर नव्हतं. कौर्नांचा तो हक्क न्यायालयाने मान्य केला २०१८मध्ये, तोही राजधानी ॲडलेडच्या परिसरातल्या काही तुकड्यांपुरता. जी जमीन विकली जाऊन खासगी मालकीची झाली, तिच्यावरचा हक्क संपलेलाच मानला गेला.